प्रकल्प नोंदी: सत्तावीस कालवडी, गोदाकाठ

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

आज जुनी डायरी काढून बसलो. गेल्या वर्षभरात कालवडींना ४१ कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या) भरल्या, गाभण ठरल्या १३. गायींचा हिशोब वेगळा. विलेल्या गायीत वार अडकणं, गर्भाशयाचा दाह, दुधाचा ताण अशी शंभर कारणं असतात. कालवड कोरी पाटी. नीट सांभाळलेल्या कालवडी पहिल्याच भरवण्याला निम्म्याहून जास्त गाभण राहायला हव्यात. माझ्या तिसऱ्या हिश्शालाही पोचत नाहीत.

गावात याचं उत्तर तयार आहे: "डॉक्टर, कांडीच हलकी येते हल्ली." (मी डॉक्टर नाही, कृत्रिम रेतन करणारा सेवक आहे. चौदा वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही.) माझंही उत्तर तयार असतं: "तुम्ही फोन उशिरा केला." दोन्ही उत्तरं न तपासता दिलेली.

म्हणून निफाड तालुक्यातल्या सायखेडा-चांदोरी पट्ट्यातले नऊ गोठे निवडले. सत्तावीस कालवडी, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित, वय १३ ते २६ महिने. दूध संकलन केंद्राच्या सचिवांनी एक कोरी वही दिली. प्रत्येकीची चार गोष्टींची नोंद: वजन, माज कोणी पाहिला, कधी पाहिला, कधी भरवली. वर्षभर.

१४ ऑक्टोबर

टेप घेऊन फिरलो. काटा कोणाकडेच नाही, म्हणून छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत.

एका मळ्यातली हरणी. उंच, चकचकीत, नाकी डोळी झकास. घेर १३८, लांबी ११८. म्हणजे २०७ किलो. तात्यांनी तिला तीन वेळा भरवून घेतलंय, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. त्यातल्या दोन कांड्या माझ्याच. मी तेव्हा टेप लावला नव्हता.

"उंची दिसते ना तुम्हाला?" तात्या म्हणाले. उंची दिसते हो, पण उंची हाडांची. मोठेपणी गाय जेवढी भरणार त्याच्या साठ टक्के वजन झाल्याशिवाय भरवू नये. आपल्या संकरितांना अडीचशे किलो ही खालची रेघ. माज त्याच्या आधीच, निम्म्या वजनालाही येतो, तिथेच फसगत होते. माज आला म्हणजे तयार झाली असं नाही. चुकून फळलीच तरी विताना अडते.

सत्तावीसपैकी अकरा रेघेखाली. त्यांना हात लावायचा नाही, आधी खाणं. पाच गोठ्यांत कालवडींना उरलासुरला कडबा आणि दुभत्या गायींच्या गव्हाणीतली झाडलोट एवढंच मिळतं. पेंड सगळी दूध देणारीला. "ती कमावते, ही खाते," हा हिशोब घराघरात. त्या घरांत मका मुरघास, लसूण घास, रोज दीड-दोन किलो गोळी पेंड, खनिज मिश्रण आणि मिठाचा खडा सुरू करायला सांगितलं. खनिज मिश्रणाची पिशवी तीन ठिकाणी आधीपासून होती. न फोडलेली.

(इगतपुरीच्या मित्राला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्या डांगींना तुझी रेघ लावू नकोस. बरोबर आहे. डांगी उशिरा वयात येते, पावसात आणि भातखाचरात तगणारं ते जनावर वेगळं. ही वही संकरितांचीच.)

१७ ऑक्टोबर

जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना घेऊन सगळ्यांची आतून तपासणी. दोन धक्के.

एक कालवड साडेतीन-चार महिन्यांची गाभण निघाली. मालक छातीठोकपणे सांगत होता की कधी भरवलीच नाही. गावातला मोकाट वळू कोणाला विचारून येत नाही. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच माजाचं इंजेक्शन टोचण्याआधी हात घालून बघायचं. न बघता दिलं असतं तर गाभ पडला असता.

दुसरी, २४ महिन्यांची, कधीच माजावर आलेली नाही. मॅडमनी विचारलं, जुळी होती का? हो. जोडीला? गोऱ्हा. मॅडम गप्प झाल्या. पोटात गोऱ्ह्याचं आणि हिचं रक्त एक झालं की गोऱ्ह्याची संप्रेरकं हिच्यात उतरतात, गर्भाशय घडतच नाही. अशा जुळ्यांतल्या शंभरात नव्वदहून अधिक कालवडी वांझ. हे जन्माच्या दिवशीच सांगता आलं असतं. दोन वर्षं खुराक घालून झाल्यावर सांगावं लागलं. घरातल्या मावशी म्हणाल्या, "मग राहू दे आता, शेणाला तरी होईल."

उरल्या पंचवीस.

९ नोव्हेंबर, वसुबारस

आज भरवणं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी गाय-वासराची पूजा चालू असतानाच फोन: "दादा, चांदणीच्या शेपटीला रक्त लागलंय, माजावर आलीय, लगेच या."

गेलो, पण भरवली नाही. ताई नाराज. पाडव्याच्या आत काम व्हावं अशी त्यांची इच्छा होती.

हे रक्त म्हणजे माज नव्हे, माज होऊन गेल्याची पावती आहे. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून थोडं रक्त येतं. कालवडींत तर फारच सर्रास. तोवर बीज सुटून विरून गेलेलं असतं. त्या दिवशी कांडी भरणं म्हणजे एसटी गेल्यावर तिकीट काढणं. गेल्या वर्षी मी अशी किती तिकिटं फाडली ते डायरीत लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर लाज वाटली असती.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. वेळेवर भरवलेल्या कालवडीला रक्त आलं की "फेल गेली" म्हणतात. गाभण राहण्या न राहण्याशी त्याचा संबंध नाही.

रक्ताचा उपयोग एवढाच, की तारीख मागे मोजता येते. माज ७ ला झाला असणार. पुढचा २७-२८ नोव्हेंबरला. ताईंच्या कॅलेंडरवर २७ आणि २८ ला गोल केले. कुठल्याही घरात वापरता येईल असं यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

२९ नोव्हेंबर

२६ ला गारपीट. द्राक्षाचे घड फाटले, पानांची चाळण झाली. ताईंचं सगळं घर दोन दिवस बागेत. कॅलेंडरवरच्या गोलाकडे कोण बघणार? मीही फोन केला नाही. कोणत्या तोंडाने विचारायचं की कालवड आरडली का?

वहीत: चांदणी, माज चुकला. कारण: गारा.

आणि ऑक्टोबरातले चार चुकलेले माज बघितले तर तिथेही कारण एकच, द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी. छाटणी, काड्यांना पेस्ट लावणं, घड औषधात बुडवणं (डिपिंग) या दिवसांत आमच्याकडे माणसाला जेवायला सवड नसते, गोठ्यात वीस मिनिटं उभं राहणं दूरच. पुस्तकात "माज न ओळखणे" असं लिहितात. आमच्याकडे त्या न ओळखण्याला हंगाम असतो.

१३ डिसेंबर

कांद्याची निर्यातबंदी ८ तारखेपासून. लिलाव बंद पडले, भाव कोसळले. आज एका गोठ्यात कालवडींपुढे चाळीतल्या सडक्या, कोंब फुटलेल्या कांद्याचा ढीग. "फेकण्यापेक्षा जनावराच्या पोटात."

एकीची लघवी कॉफीच्या रंगाची, डोळ्याच्या आतलं कातडं पांढरंफटक. मॅडमना लगेच बोलावलं. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी तांबड्या पेशी फुटतात, आणि पाळीव जनावरांत गाय याला फार लवकर बळी पडते. कांदा बंद, औषधोपचार सुरू. वाचेल म्हणाल्या. पण रक्त भरून यायला आठवडे जातील, तोवर माजाची बात नाही.

मालकाला बोलायचं खूप मनात होतं. पण त्याच्या चाळीत काय पडलंय ते दिसत होतं. बोललो नाही.

१८ डिसेंबर

चांदणी काल संध्याकाळी माजावर, आज सकाळी पावणेसातला भरवली. दुसऱ्या कालवडीला चढू देत होती, सोट (माजातला चिकट स्राव) काचेसारखा, तुटत नव्हता. सगळं जमून आलं.

५ जानेवारी २०२४

ही नोंद लिहायला तीन दिवस टाळाटाळ केली.

नोव्हेंबर-डिसेंबरात भरवलेल्या, वजनात बसणाऱ्या, वेळेवर पाहिलेल्या कालवडी. तरी उलटताहेत. वजन नाही, वेळ नाही, मग राहिलो कोण? मी.

नाशिकहून साधा काचेचा थर्मामीटर आणला. कांडी वितळवायला मी आजवर मालकाच्या घरातला पितळी लोटा आणि बोट वापरत आलो. "कोमट" लागलं की झालं. आज माझ्या बोटाची परीक्षा घेतली. तीन गोठ्यांत, बोटाला कोमट वाटलेलं पाणी: ३१ अंश, ४२ अंश, २९ अंश.

पाव मिलिलिटरच्या कांडीला ३७ अंशांचं पाणी आणि ३० सेकंद लागतात. उणे १९६ वरून येणारी ती कांडी थंड पाण्यात हळूहळू वितळली तर आतले बर्फाचे कण शुक्राणूंना कापतात, आणि पाणी फार गरम असलं तर ते शिजतात. प्रशिक्षणात हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हा थर्मामीटर होता. तो फुटला, मग बोट आलं.

इथे निफाडची थंडी. राज्यातला सगळ्यात खालचा पारा म्हणून दर हिवाळ्यात पेपरात नाव येतं आमचं. पहाटे स्टीलची गन (कांडी आत सोडायची लांब नळी) हातात धरवत नाही. वितळलेली कांडी मी त्याच गनमध्ये घालत होतो. ३७ अंशांवर जागे झालेले जीव एकदम बर्फासारख्या लोखंडात. थंडीचा हा धक्का बसला की ते परत सावरत नाहीत. वर गायीपर्यंत गन हातात मिरवत जायचं, मालकाशी दोन गोष्टी बोलायच्या.

आजपासून:
थर्मास आणि थर्मामीटर पिशवीत. गन आधी हाताने चोळून, मग स्वेटरच्या आत, बगलेशी. कांडी कापण्याआधी कोरडी पुसायची, पाण्याचा एक थेंबही आत गेला तर नुकसान. नायट्रोजनच्या कंटेनरमधून कांडी शोधताना कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) कंटेनरच्या मानेच्या वर काढायचं नाही, आठ-दहा सेकंदांत नाही सापडली तर परत बुडवायचं. मी आजवर उजेडात धरून वळूचा नंबर वाचत बसायचो.

बायको म्हणाली, थंडीत बगलेत लोखंड घालून फिरणारा पहिलाच माणूस बघतेय.

८ जानेवारी

चांदणी उलटली. बरोबर एकविसाव्या दिवशी. १८ डिसेंबरची ती पहाट मला आठवते, गन कशी लागली होती तेही.

सकाळी सहाला माज दिसला, संध्याकाळी साडेपाचला भरवली. ३७ अंश, गन गरम. ताईंकडून कांडीचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा सांगितलं. ऐकून त्या हसल्या, म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता सगळं जमून आलंय."

२२ जानेवारी

दुधाच्या अनुदानासाठी कानातल्या पिवळ्या टॅगची सक्ती, त्यामुळे टॅग मारून घ्यायला झुंबड. मला आयताच फायदा. बारा आकडी नंबर वहीत चढवला, आता "ती तांबडी, ती बारकी" असा गोंधळ नाही.

११ फेब्रुवारी

सातव्या गोठ्याचं कोडं सुटलं. तिथे चार कालवडी, एकही माज चुकलेला नाही. सीसीटीव्ही नाही, ॲप नाही. आजी आहेत.

वय सत्तरीच्या पुढे. रात्री जेवणं उरकली की गोठ्यात बाजेवर जाऊन बसतात, तंबाखू मळतात. "बाकीच्या रवंथ करत बसल्या की जी उभी राहून पाय बदलते, तिच्याकडे बघायचं." पहाटे शेणाला जातात तेव्हा पुन्हा. गायींचा माज बराचसा रात्री आणि पहाटेच सुरू होतो, आणि कालवडीचा तर कधी दहा-बारा तासांतच आटोपतो. दिवसा दहाला गोठ्यात येणाऱ्या माणसाला काय दिसणार?

नोंद कशी ठेवता विचारलं. लिहिता येत नाही, तिथीवर ठेवतात. "शुद्ध अष्टमीला माजली तर अवसेला बघायचं." मी तिथेच बोटांवर मोजलं. अष्टमीपासून एकविसावा दिवस अवसेच्या आसपासच पडतो.

माझी वही मी त्यांना दाखवली नाही.

बाकी गोठ्यांत आता दोन गोष्टी. संध्याकाळी तासभर कालवडी दाव्यावरून मोकळ्या सोडायच्या, बांधलेली कालवड दुसरीला चढू देते की नाही हे दिसणारच कसं? आणि शेपटीच्या मुळाशी गेरूचा जाड पट्टा. सकाळी पुसलेला दिसला की रात्री कोणीतरी चढलं होतं.

भरवण्याच्या वेळेचा नियम जुनाच, अमेरिकेत नेब्रास्काला ट्रिंबर्गर या संशोधकाने १९४८ साली मांडलेला: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. पाऊणशे वर्षांत त्याला फारसा धक्का लागलेला नाही. फक्त त्यातला "दिसला" हा शब्द आजीसारख्यांसाठी आहे.

१३ मार्च

चांदणी तपासली. ६५ दिवस. गाभण.

घरात कोणी नव्हतं, मॅडम आणि मीच. ताईंना बागेत जाऊन सांगितलं. विण्याची तारीख १४ ऑक्टोबरच्या आसपास.

काल हरणीचं माप घेतलं. घेर १५०, लांबी १२६, म्हणजे २६१ किलो. पाच महिन्यांत ५४ किलो. तात्यांनी पेंड चालू ठेवली याचं मला आश्चर्य वाटलं, त्यांना टेपचं.

१५ मार्च

वजनात आलेल्या पण माज न दाखवणाऱ्या सहा. मॅडमनी हात घालून अंडाशयावर पिवळा गोळा (बीज सुटल्यावर बनणारा) आहे, गाभ नाही, याची खात्री केली आणि प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे माजाचं इंजेक्शन, दिलं. चौघी तीन-चार दिवसांत माजावर येतील अशी अपेक्षा, उरलेल्यांना अकरा दिवसांनी पुन्हा. हे औषध गर्भवती बाई आणि दमेकरी माणूस यांनी हाताळायचं नाही, कातडीतून आत जातं. एका घरात सून सातव्या महिन्यात, तिलाच बाटली धरायला उभी केली होती. मॅडम चांगल्याच तापल्या.

(१८-१९ ला चौघी आल्या. पाचवी २९ ला. सहावी आलीच नाही.)

३० मार्च, रंगपंचमी

पोरांनी सकाळीच गोठ्यातल्या जनावरांवर रंग उडवला. दुपारी हरणीच्या पाठीवर हिरव्या रंगात खुरांचे फराटे. तात्यांचा फोन: "तुमच्या गेरूपेक्षा हे बरं." रात्री भरवली.

१० एप्रिल

दोन मालक हटून बसलेत, लिंग निश्चित केलेलीच कांडी हवी. त्यांची बाजू खोटी नाही. गोऱ्ह्याचं काय करायचं हा प्रश्न आज कोणाकडेच सुटलेला नाही. या कांडीतून नव्वदच्या घरात कालवडी होतात.

पण नेहमीच्या कांडीत दोन कोटी शुक्राणू असतात, हिच्यात वीसेक लाख. छाननीच्या यंत्रातून जाताना तेही दमलेले. म्हणजे चुकीला जागाच नाही. मी अट घातली: वजन २६० च्या वर, माज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि भरवणं नेहमीपेक्षा थोडं उशिरा, माज सुरू झाल्यापासून अठरा-वीस तासांनी. एकदा उलटली की पुढची साधी कांडी. एक मालक तयार झाला. दुसरा म्हणाला, दुसऱ्याला बोलावतो. बोलवावं.

२० एप्रिल

हरणी उलटली. गेल्या वेळी सगळं नीट होतं, पाणी, गन, वेळ, वजन. तरी उलटली. अशीही उलटते. तात्या एक शब्द बोलले नाहीत, हे जास्त लागलं. संध्याकाळी पुन्हा भरवली.

१९ मे

ऊन. भरवणं फक्त पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. पत्र्याखाली कालवडी धापा टाकतात, माज दबलेला. पत्र्यावर उसाचं पाचट, दुपारी अंगावर पाणी. दोन कालवडी मालकांनी विकल्या, एक लग्नासाठी, एक कर्जासाठी. वहीतून त्या गेल्या.

२५ जून

हरणी: ६६ दिवस, गाभण. विण्याची तारीख जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात.

तात्या म्हणाले, "टेप ठेवून जा. धाकटीला लावायचाय."

१४ जुलै

हिशोब. २७ मधून वळूची एक, वांझ एक, विकलेल्या दोन वजा. उरल्या २३. पहिल्या भरवण्याला गाभण १२. उलटलेल्या अकरांना दुसऱ्यांदा, त्यात ५. चौघींना तिसऱ्यांदा, त्यात १. एकूण ३८ कांड्या, १८ गाभण. गेल्या वर्षी ४१ मध्ये १३.

फुगून जायला नको. संख्या मूठभर, आणि मी एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. कशामुळे किती फरक पडला ते ही वही सांगू शकत नाही. थर्मामीटरआधी भरवलेल्या नऊपैकी पहिल्याला तीनच राहिल्या, त्यानंतरच्या चौदांपैकी नऊ. पण त्याच काळात वजनंही वाढली, आजीची युक्तीही पसरली, थंडीही सरली.

पाच अजून रिकाम्या. कांदा खाल्लेली त्यातच. एकीच्या सोटात पुवाचे धागे, तिचा उपचार मॅडमकडे चालू. इंजेक्शनला दाद न दिलेली सहावी नंतर आपणहून माजावर आली, दोनदा उलटली. तिच्यात काय आहे ते कळेना.

१६ जुलै

कंटेनरमध्ये लाकडी पट्टी घालून पाहिली, नायट्रोजन चार बोटं. उद्या सकाळी भरून आणायचा. रात्री साडेदहाला सातव्या गोठ्यातून फोन. आजींचा नातू: "आजी म्हणते, बारकी पाय बदलायला लागलीय, सकाळी घाई करू नका, नऊला या."